पंडिता रमाबाईंची इंग्रजी

आपल्या मंडळात प्रौढ भगिनींसाठी इंग्रजीचा वर्ग निघाला त्या दिवशी सतरंजीवर आम्ही सतराजणी होतो. दिवाळीनंतर सहा उरलो. सोडून जाताना एकीने सांगितले, "अहो, या वयात जीभ वळत नाही." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून वाचनालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र आणले, आणि चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्याविषयीच लिहावे असे ठरविले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार तो कितीसा! तरी भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आधी माझेच सांगते. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षे हुबळीस काढली. तेथे मला कानडी कोणी शिकविले नाही. दूधवाल्याशी 'बेकू' आणि 'बेडा', म्हणजे हवे आणि नको, एवढ्यावर सुरुवात झाली, आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या आजींशी मी भांडूही लागले. परंतु कानडीचे एक अक्षर मला आजही वाचता येत नाही. इंग्रजीचे नेमके उलटे. शाळेत पाचवीपासून तीन वर्षे शिकले. पाट्या वाचते, शब्द ओळखते, पण कोणी इंग्रजीत दोन वाक्ये विचारली की तोंडाला कुलूप. एक भाषा बिनगुरूची, एक गुरूची. दोन्ही अर्ध्याच राहिल्या.

रमाबाईंच्या आयुष्यात या दोन्ही तऱ्हा दिसतात. त्यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. आणि लक्ष्मीबाईंनी लेकीस. पहाटे, घरकाम सुरू होण्यापूर्वी, आई श्लोक म्हणणार आणि मुलगी तिच्यामागून घोकणार. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हा पाठ चालला. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे, त्यामुळे कानडी, हिंदुस्थानी या भाषा वाटेवरच कानी पडून आल्या. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथल्या पंडितांनी त्यांचे संस्कृत ऐकून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बंगालीही त्या तिकडेच शिकल्या, आणि नुसती बोलण्यापुरती नव्हे. लग्नानंतर आसामात सिलचरला असताना घरात सापडलेले शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांनी वाचल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. इतक्या भाषा येत होत्या, पण इंग्रजी मात्र नव्हती.

१८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी दास वारले. कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई त्यांना शिकवायला घरी येत. मराठीतून नवा करार आणि इंग्रजीची प्राथमिक बुके. त्या वेळी आपल्याला इंग्रजी लिहिता किंवा बोलता येत नव्हते असे रमाबाईंनी स्पष्ट म्हटले आहे. ज्या बाईंपुढे कलकत्त्याचे पंडित बसले, त्या चोविसाव्या वर्षी पहिल्या बुकातले शब्द जुळवीत बसल्या! मला त्या पदव्यांपेक्षा याचेच नवल अधिक वाटते. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष द्यावयाची आली. ती त्यांनी मराठीतच दिली. तिचे इंग्रजी दुसऱ्यांनी केले.

याच सुमारास रमाबाई रानडे माधवरावांकडून इंग्रजी शिकत होत्या आणि घरातल्या बायकांची बोलणी खात होत्या. आनंदीबाई जोशांना गोपाळरावांनी कसे शिकविले तेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. पंडिताबाईंना मात्र शिकविणारा नवरा नव्हता. तेव्हा त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय केली आणि १८८३ साली लेकीला घेऊन विलायत गाठली.

तेथे वाँटेज या गावी मठवासी भगिनींकडे त्या राहिल्या, आणि येथेच मला त्यांच्या शिकण्याचे मर्म सापडले. राहणे आणि इंग्रजी शिकणे यांच्या बदल्यात, हिंदुस्थानात कामासाठी येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावयाचे असे ठरले होते. म्हणजे सकाळी जी गुरू तीच दुपारी शिष्या म्हणा ना! दुसऱ्याची जीभ आपल्या 'ळ'वर अडखळलेली पाहिली की आपल्या चुकीची लाज निम्मी होत असेल, असे मला आपले वाटते. आमच्या वर्गात चुकले की हशा होई. सतराच्या सहा होण्याचे खरे कारण वय नव्हते, ते हसणे होते.

रमाबाईंपुढे आणखी एक अडचण होती. त्यांना ऐकू कमी येई. डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्या गेल्या होत्या, पण बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. परभाषा आधी कानाने यावयाची, आणि येथे कानच अधू. मग आधार कागदाचा. मला वाटते, आईने पाठ करून घेतलेले संस्कृत येथे कामास आले असावे. शब्द कसा चालतो, क्रियापद कर्त्याशी कसे जुळते हे ज्याने एकदा एका भाषेत गुरूपाशी बसून पाहिले, त्याला दुसऱ्या भाषेचे व्याकरण अगदीच परके राहत नाही.

१८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्रविषय शिकत. मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी धर्मविषयावर लांबलचक पत्रांनी वाद घातला, तोही इंग्रजीत. त्यांचे धर्मांतर हा आपल्याकडे फार वादाचा विषय झाला; तो येथे काढण्याचे कारण नाही. मला एवढेच दिसले की, ज्यांच्याकडून भाषा घेतली त्यांच्याशीच त्या भाषेत 'हे मला पटत नाही' म्हणण्याइतकी त्यांची तयारी दोन वर्षांत झाली. इंग्रज तरुणांना त्यांनी शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा काही बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उत्तर दिले की माझ्या वडिलांनी व पतीने जी हरकत कधी घेतली नाही ती तुम्ही घेता याचे नवल वाटते. आपल्याकडचे मागासलेपण बोलून दाखविणाऱ्यांना ते चांगलेच झोंबले असेल!

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक तेथेच निघाले. पहिल्या बुकापासून अवघी पाच वर्षे झाली होती. पुस्तक आणि व्याख्याने यांच्या बळावर मदत उभी राहिली व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. अमेरिकेत असतानाच त्यांनी बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकून मराठीत चित्रांची क्रमिक पुस्तके तयार करण्यास घेतली होती. चोविसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून आरंभ केलेल्या बाईला पहिल्या पुस्तकाची किंमत कळली होती.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढे केडगावी, शेकडो दुष्काळपीडित मुलीबाळींचा संसार चालवीत असता, आधीचे मराठी बायबल साध्या बायकांना कळत नाही म्हणून त्यांनी नवे भाषांतर आरंभिले. त्यासाठी मुळातल्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकण्यास घेतल्या. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या, म्हणजे आम्हां सहाजणींएवढ्या. कान तर आणखीच मंद झाले होते, आणि केडगावच्या माळावर हिब्रू कानी पडण्याचा संभवही नव्हता. व्याकरण व कोश पुढे ठेवून, शब्दाखाली शब्द मांडीत काम चाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविण्याचे काम तेथल्या बायकांनी केले होते.