न्यायाच्या दिवसाची तारीख

जगाचा अंत केव्हां होणार, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मांनीं विचारला आहे. परंतु त्या प्रश्नाला जी निकड ख्रिस्ती धर्मांत आली, ती पुराणें ऐकत वाढलेल्या वाचकांस सहज उमगण्यासारखी नाहीं. पुराणांतला काळ चक्राप्रमाणें फिरतो. कलियुग संपेल, प्रलय होईल, आणि पुन्हां कृतयुगाचा आरंभ होईल; चुकलेल्या जीवाला दुसरा जन्म आहेच. ख्रिस्ती कल्पनेंतला काळ मात्र सरळ रेषेनें चालतो. सृष्टि एकदांच उत्पन्न झाली, ख्रिस्त एकदांच क्रूसावर मेला, आणि तो न्याय करण्यास परत येईल तोही एकदांच. त्या दिवशीं मेलेले उठतील, सर्वांचा न्याय होईल, आणि एकदां निकाल लागला कीं त्यावर अपील नाहीं. ज्या खटल्याची सुनावणी एकदांच व्हावयाची, त्याची तारीख आधीं कळावी असें वाटणें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

आणि तरीही ती तारीख कोणास कळावयाची नाहीं, असेंच शुभवर्तमानांत सांगितलें आहे. तो दिवस आणि ती घटका पित्यावांचून कोणासही, स्वर्गांतील दूतांसही, ठाऊक नाहीं असें ख्रिस्तानें शिष्यांस बजाविलें होतें. पहिल्या पिढीचे ख्रिस्ती लोक, तो आपल्या हयातींतच परत येईल, अशा अपेक्षेनें राहत. पिढ्या उलटल्या, छळ करणारें रोमन साम्राज्यच ख्रिस्ती झालें, पण तो आला नाहीं. तेव्हां पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत संत ऑगस्टिन यानें आपल्या ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथांत असा अर्थ लाविला कीं, प्रकटीकरणाच्या पुस्तकांत सांगितलेलीं हजार वर्षें म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा चालू काळच होय. पश्चिमेकडील मंडळीनें हा अर्थ पुष्कळ शतकें मानला. त्यामुळें न्यायाचा दिवस नाकारला गेला नाहीं. तो फक्त पंचांगांतून बाहेर पडला. पुढें बायबल घरोघर पोंचलें, प्रत्येकानें तें आपल्या बुद्धीनें वाचावें असें प्रॉटेस्टंट लोक म्हणूं लागले, आणि तो दिवस पंचांगांत परत आला. या लेखांत ज्याची हकीकत आम्ही सांगणार आहों, तो विल्यम मिलर अशाच वाचकांपैकीं एक होता.

मिलरचा जन्म १७८२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला आणि न्यूयॉर्क संस्थानांतील लो हँप्टन या खेड्यांत तो वाढला. मुंबईस १८१३ सालीं येऊन मराठी शिकणारे अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, त्याच मुलुखाची ही सरहद्द. मिलरचें शाळेंतील शिक्षण बेताचें. वाचन मात्र दांडगें. व्हॉल्टेअर, ह्यूम आणि पेन यांचे ग्रंथ वाचून त्याची बायबलावरील श्रद्धा उडाली होती. जग निर्माण करून ईश्वर स्वस्थ बसला आहे, तो मनुष्याच्या व्यवहारांत हात घालीत नाहीं, असें त्याचें मत झालें. परंतु इंग्लंडशीं झालेल्या युद्धांत तो कॅप्टन असतां, १८१४ सालीं प्लॅट्सबर्ग येथें आपल्याहून पुष्कळ मोठ्या इंग्रजी सैन्यास अमेरिकनांनीं मागें लोटिलेलें त्यानें पाहिलें, आणि येथें कोणा मोठ्या शक्तीचा हात असला पाहिजे असें त्याच्या मनानें घेतलें. १८१६ सालीं तो पुन्हां ख्रिस्ती झाला. जुन्या नास्तिक मित्रांनीं थट्टा आरंभिली, तेव्हां बायबलांतील प्रत्येक विसंगतीचा उलगडा करून दाखवीन, असें त्यानें त्यांस सांगितलें. एका हातीं बायबल आणि दुसऱ्या हातीं क्रूडेनची शब्दसूची, एवढीच सामग्री घेऊन तो दोन वर्षें बसला.

त्याचें गणित समजून घेणें अवश्य आहे. कारण तें वेड्याचें गणित नव्हे. दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत, दोन हजार तीनशें दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असें भविष्य आहे. भविष्यांतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा नियम मिलरच्या फार पूर्वीपासून विद्वानांस मान्य होता. खुद्द न्यूटनच्या मरणानंतर १७३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दानीएलावरील ग्रंथांत तो वापरलेला आहे. पुढल्या अध्यायांत सत्तर आठवडे, म्हणजे ४९० दिवस, सांगितले आहेत. इराणच्या अर्तहशश्त राजानें यरुशलेमाविषयीं आज्ञापत्र दिलें तें ख्रिस्तपूर्व ४५७ सालीं. तेथून ४९० वर्षें मोजलीं कीं आपण इ.स. ३३ पाशीं, म्हणजे मिलरच्या समजुतीप्रमाणें ख्रिस्ताच्या मरणाच्या सालापाशीं, येतों. ज्या भविष्याचा एक भाग सालासकट खरा ठरला, त्याचा उरलेला भाग खोटा कसा ठरेल? तेथून आणखी १८१० वर्षें मोजलीं, आणि उत्तर आलें १८४३. तेव्हां १८१८ साल चालू होतें. जगाचें आयुष्य अवघें पंचवीस वर्षें उरलें आहे, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षानें तो आनंदला, आणि घाबरलाही. इतरांस न सांगावें तर त्यांच्या नाशाचा दोष आपल्या माथीं येणार. सांगावें तर आपण पडलों साधे शेतकरी. अशा घालमेलींत तेरा वर्षें गेलीं. शेवटीं १८३१ सालच्या ऑगस्टांत, कोणीं आपण होऊन बोलाविलें तरच जाईन, असें त्यानें मनाशीं ठरविलें. त्यानेंच पुढें लिहून ठेविल्याप्रमाणें, अर्ध्या तासाच्या आंत शेजारच्या गांवाहून बोलावणें आलें.

मिलरच्या बोलण्याला इतके कान कां मिळाले, हेंही पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत त्या काळीं जगाच्या नूतनीकरणाची भाषा सर्वांच्याच तोंडीं होती. चार्ल्स फिनी या प्रख्यात धर्मोपदेशकानें १८३५ सालीं असें म्हटलें होतें कीं, मंडळीनें आपलें कर्तव्य पुरतें केलें तर या देशांत ईश्वराचें राज्य तीन वर्षांत येऊं शकेल. दारूबंदी करावी, गुलामगिरी मोडावी, शाळा काढाव्या, आणि अशा पायऱ्यांनीं स्वर्ग पृथ्वीवर आणावा, हा सुधारकांचा मार्ग. १८३७ सालीं पेढ्या बुडाल्या, व्यापार बसला, आणि पुष्कळांचा त्या मार्गावरील विश्वास डळमळला. मनुष्याच्या हातून हें व्हावयाचें नाहीं, ख्रिस्त स्वतः अग्नीसह येऊन करील तेव्हांच होईल, असें मिलर सांगे, आणि तें त्यांस पटे. त्याचे साथीदार जोशुआ हाइम्स आणि चार्ल्स फिच हे मूळचे गुलामगिरीचे कट्टर शत्रु होते, ही गोष्ट या दृष्टीनें बोलकी आहे.

हाइम्स भेटला १८३९ सालीं, आणि खेड्यांतली व्याख्यानें ही देशव्यापी चळवळ झाली. १८४० सालीं बोस्टनमध्यें पत्र निघालें, मग न्यूयॉर्कमध्यें दुसरें. प्रचंड तंबू शिवला गेला. भविष्यांतले पशु आणि आंकडे दाखविणारे तक्ते छापून गांवोगांव टांगले गेले. मिलर स्वतः एक दिवस सांगावयास नाखूष असे. लोकांनीं फार भरीस घातलें तेव्हां, २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षांत केव्हां तरी, एवढेंच तो म्हणाला. त्याच वर्षाच्या आरंभीं आकाशांत भरदिवसां दिसणारा धूमकेतु उगवला, त्यानें लोकांची खात्री अधिकच दृढ केली. पण तें वर्ष सरलें. गणितांत एक चूकही सांपडली: ख्रिस्तपूर्व १ नंतर एकदम इ.स. १ येतें, मध्यें शून्य साल नाहीं. म्हणून १८४३ च्या जागीं १८४४ पाहिजे. ऑगस्टांत न्यू हँपशायरमधील एक्सेटर येथील मेळाव्यांत सॅम्युएल स्नो यानें त्याहून पुढें जाऊन दिवसही सांगितला. यहूदी लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीस येतो. कराईत यहूद्यांच्या गणनेप्रमाणें तो त्या वर्षीं २२ ऑक्टोबरला पडत होता. मिलरनें ही तारीख मान्य केली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत, म्हणजे बऱ्याच उशिरां.

त्या आठवड्यांत कित्येकांनीं दुकानें बंद केलीं, जुनीं कर्जें फेडलीं, ज्यांशीं वैर होतें त्यांच्या दारीं जाऊन क्षमा मागितली; कांहींनीं उभें पीक शेतांत तसेंच सोडलें. चार्ल्स फिच १४ ऑक्टोबरला वारला. अजून आठच दिवस! विश्वास ठेवणाऱ्यांच्या दृष्टीनें तो वियोग एका आठवड्याचा होता. मग २२ ऑक्टोबर उजाडला, मावळला, आणि दुसऱ्या दिवशींचा सूर्य नेहमींच्या जागीं उगवला. मिलरच्या अंदाजाप्रमाणें ५०,००० माणसें वाट पाहत होतीं. रस्त्यावरचीं पोरें त्यांस हंसून विचारीत, तुम्ही अजून वर गेलां नाहीं काय?

पुढें अशी गोष्ट पसरली कीं, हे लोक पांढरे झगे घालून टेंकड्यांवर व झाडांवर चढून बसले होते. फ्रान्सिस निकोल यानें १९४४ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, तत्कालीन कागदपत्र व वेड्यांच्या इस्पितळांचीं दप्तरें तपासून या कथांना भक्कम आधार नसल्याचें दाखविलें. निकोल हा त्याच परंपरेंतला असल्यामुळें त्याची बाजू ठरलेली होती हें खरें. तरी झग्यांच्या कथेचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा पुढेंही मिळाला नाहीं. दुसऱ्याची श्रद्धा हास्यास्पद करून सांगण्यांत आपलें शहाणपण सिद्ध होतें असें आपणांस वाटतें. आपल्याकडेही फेब्रुवारी १९६२ मध्यें अष्टग्रहीच्या भयानें ठिकठिकाणीं यज्ञ झाले, हें आठवलें म्हणजे हंसूं आवरतें.

आमच्या मतें खरी कसोटी लागली ती २२ ऑक्टोबरनंतर. पुष्कळजण आपापल्या जुन्या मंडळ्यांत परतले, किंवा श्रद्धाच सोडून बसले. कांहींनीं नव्या तारखा काढण्याचा सपाटा चालविला. आणि कांहींनीं, तारीख बरोबरच होती, मात्र घडलेली गोष्ट पृथ्वीवरची नव्हती, असें ठरविलें. २३ तारखेच्या सकाळीं शेतांतून जातांना हायरम एडसन याला सुचलें कीं, शुद्ध व्हावयाचें पवित्रस्थान स्वर्गांतलें आहे, आणि ख्रिस्त त्या दिवशीं त्याच्या अंतर्गृहांत शिरला. या शेवटच्या गटांतून १८६३ सालीं सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ उभा राहिला. तेव्हां त्याचे सभासद सुमारें ३,५०० होते. आज ते दोन कोटींहून अधिक आहेत. पुण्यांतील स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ याच पंथाचें. त्याच्या नांवांतील ‘ॲडव्हेंट’ या शब्दाचा अर्थ आगमन, म्हणजे ख्रिस्ताचें तेंच न झालेलें आगमन.

पण या प्रकरणांत एक काळोखी जागाही आहे. दार बंद झालें, असें कांहीं जण त्या दिवसानंतर म्हणूं लागले. ज्यांनीं २२ ऑक्टोबरपर्यंत ऐकलें नाहीं त्यांच्यासाठीं कृपेची मुदत संपली. आतां त्यांस उपदेश करण्यांत अर्थ नाहीं. कांहीं काळ मिलरही याच मताकडे झुकला होता. शेजाऱ्याचें तारण व्हावें म्हणून जो माणूस तेरा वर्षें तळमळला, त्याच्याच अनुयायांनीं शेजाऱ्याच्या तोंडावर स्वर्गाचें दार लावावें, हें तारखेचें सर्वांत कडू फळ होय. तारीख चुकली याचें दुःख माणसाला सोसतें. ती चुकलीच नाहीं असें सिद्ध करण्याकरितां तो इतरांचा बळी द्यावयास तयार होतो. सुदैवानें हें मत टिकलें नाहीं. १८४५ सालच्या ऑल्बनी येथील परिषदेंत मिलरप्रभृतींनीं त्याचा त्याग केला. दुसऱ्या गटांत नवीं माणसें येऊं लागलीं, मुलें मोठीं झालीं, आणि बंद दार हळूहळू उघडलें गेलें.

मिलर १८४९ सालच्या डिसेंबरांत वारला. आपलें गणित चुकलें हें त्यानें छापून कबूल केलें. मूळ विश्वास मात्र सोडला नाहीं. नोव्हेंबर १८४४ मध्यें त्यानें हाइम्सला कळविलें कीं, आपण आतां दुसरी वेळ ठरविली आहे, आणि ती वेळ म्हणजे आजचा दिवस. तो येईपर्यंत प्रत्येक दिवस आजच. शुभवर्तमानांत जें आरंभींच सांगितलें होतें, तेथें हा प्रामाणिक माणूस सव्वीस वर्षांच्या हिशेबानंतर येऊन पोंचला. ज्यांनीं त्या आठवड्यांत कर्जें फेडलीं आणि वैरें मिटविलीं, त्यांचें तें काम सूर्य पुन्हां उगवल्यामुळें वायां गेलें असें म्हणतां येत नाहीं. न्यायाच्या दिवसाची तारीख चुकली. पण तिच्या भयानें जें कर्तव्य त्यांनीं केलें, तें करण्यास तारखेची गरज कां पडावी, हा प्रश्न ख्रिस्ती वाचकाप्रमाणेंच इतरांनींही स्वतःस विचारण्यासारखा आहे.