निरोग्यांची नाडी

इंदापूर तालुक्याचें नांव महसुलाच्या इतिहासांत कायमचें कोरलेलें आहे. १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं तेथील शेतांची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांचा धारा बसविला, आणि पुढें तीच पद्धति मुंबई इलाख्यांत पसरली. मातीचा कस इतक्या बारकाईनें पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना ती माती कसणाऱ्या म्हाताऱ्याच्या देहाचा कस पाहण्याची बुद्धि व्हावयास मात्र पावणेदोनशें वर्षें लागलीं!

मध्यंतरीं सरकार दारीं आलें तें बहुधा साथीच्या निमित्तानें. १८९७ च्या प्लेगांत पुण्यास जी घरझडती झाली, तिनें ‘तपासणी’ या शब्दासच धाक चिकटविला. निरोगी माणसाकडेही वैद्यकानें लक्ष पुरवावें, हा विचार आमच्याकडे सरकारी कागदावर नीट उतरला तो १९४६ सालीं, भोर समितीच्या अहवालांत. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशकांत जन्मलेले. उपचार व प्रतिबंध एकाच छपराखालीं असावे आणि प्रारंभीं ४०,००० वस्तीमागें एक केंद्र असावें, असें समितीनें सुचविलें. त्या काळीं बाळंतिणी व अर्भकें यांची चिंता मोठी. म्हातारपण मागें राहिलें, यांत नवल नाहीं. वृद्धांसाठीं स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम निघावयास २०१० साल उजाडलें. २०१८ पासून उपकेंद्रांचीं आरोग्यवर्धिनी केंद्रें होऊं लागलीं, आणि तिशीपुढील सर्वांचा रक्तदाब व साखर तपासण्याचें काम गावापर्यंत आलें.

नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊंस पिकविण्यांत हयात गेलेला बारामतीकडचा म्हातारा विचारतो, “दुखत तर कांहींच नाहीं, मग दवाखान्यांत कशाला?” प्रश्न रास्त आहे, पण वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं, हीच तर त्याची लबाडी. असा म्हातारा तपासणीवर संतुष्ट होतो तो यंत्रांमुळें नव्हे. कोणीं बसावयास सांगितलें, झोंपेची व जेवणाची विचारपूस केली, आकडा त्याच्या भाषेंत उलगडून सांगितला, म्हणजे तो सुनेलाही पाठवितो.

तथापि समाधान म्हणजे गुण नव्हे. सरसकट तपासण्यांनीं मृत्यु घटल्याचें आढळत नाहीं, असा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या समीक्षेनें काढला आहे. तेवढ्यावरून हा सारा खटाटोप व्यर्थ ठरवावा, असें आम्हांस वाटत नाहीं. कारण रक्तदाब आटोक्यांत ठेवल्यानें पक्षाघात टळतात, हें सिद्ध आहे. मात्र त्यासाठीं गोळी रोज पोटांत गेली पाहिजे. कागदावर आकडा लिहून दिला, आणि गोळ्यांसाठीं दरमहा तालुक्याची एस. टी. धरावयास लावली, तर तो म्हातारा दुसऱ्या खेपेस उंबरठा ओलांडणार नाहीं. आणि त्यास हट्टी म्हणावयास आम्हीही धजणार नाहीं.