गॅमा किरण स्फोट व पश्चदीप्ती

अवकाशातून अवचित येणाऱ्या आणि काही सहस्रांश सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकणाऱ्या गॅमा प्रारणाच्या झोतास गॅमा किरण स्फोट म्हणतात. त्यानंतर त्याच जागी क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ तरंग या रूपांत जी मंदावत जाणारी दीप्ती राहते, तीस पश्चदीप्ती असे म्हणतात. हे स्फोट किती दूर होतात, हा तीस वर्षे अनिर्णित राहिलेला प्रश्न पश्चदीप्तीमुळे सुटला.

वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अणुचाचण्या करण्यास बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला. त्याच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी अमेरिकेने व्हेला उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी नोंदलेला झोत अणुस्फोटाचा नव्हता. पुढे रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग व रॉय ऑल्सन यांनी अशा १६ घटनांचा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा उगम पृथ्वी किंवा सूर्य नव्हता.

गॅमा किरण साध्या आरशांनी वा भिंगांनी केंद्रित करता येत नाहीत. त्यामुळे उगमाची दिशा स्थूलमानानेच कळे. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेस हे स्फोट सर्व दिशांना सारखेच विखुरलेले आढळले. ते अतिदूरच्या दीर्घिकांत होतात, असे बोहदान पाचिन्स्की यांचे मत होते, तर डॉनल्ड लँब यांच्या मते ते आपल्या आकाशगंगेच्या विस्तीर्ण परिसरातील होते. १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या जाहीर वादातही निर्णय लागला नाही.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली व नेदर्लंड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने एक स्फोट नोंदला आणि सु. आठ तासांत त्याची क्ष-किरण पश्चदीप्ती टिपली. यामुळे स्थान नेमके कळले व यान व्हान पॅराडाइस यांच्या गटास ला पाल्मा बेटावरील दूरदर्शकातून तेथे मंदावणारा प्रकाशबिंदू दिसला. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे बऱ्याच सरकलेल्या आढळल्या. त्यावरून अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे असल्याचे सिद्ध झाले. त्याच्या रेडिओ तरंगांचे लुकलुकणे हळूहळू कमी झाले, यावरून उगम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने प्रसरण पावत असल्याचे अनुमान निघाले.

२९ मार्च २००३ च्या स्फोटाच्या पश्चदीप्तीत अतिदीप्त नवताऱ्याचा वर्णपट उमटला आणि दीर्घकालीन स्फोटांचा प्रचंड ताऱ्यांच्या अंताशी असलेला संबंध स्पष्ट झाला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे गुरुत्वीय तरंग आढळले व १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा अल्पकालीन झोत आला. या दोन्ही घटनांच्या रेडिओ पश्चदीप्तीचे वेध पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकानेही घेतले.