पाव : एक शब्द, अनेक कुळे

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडल्यावाचून आम्हा धर्मगुरूंचा दिवस मावळत नाही. मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "फादर, पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात का हो?" वर्ग हसला. आम्ही मात्र हसलो नाही, कारण ही समजूत थोरामोठ्यांतही आढळते. लादीचा चौथा भाग म्हणून पाव, असे सांगणारेही आहेत.

दोन्ही तर्क चुकीचे, पण अगदीच निराधार नव्हेत. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून 'पाद'चा अर्थ चतुर्थांश असाही झाला. त्यातूनच हिंदीचा 'पाँव' निघाला आणि आपला पाव शेरही. पाऊण म्हणजे पावाने उणे. चार आण्यांची पावली जुन्या वाचकांना आठवत असेलच. तेलुगू बांधव चतुर्थांशाला 'पावु'च म्हणतात. कन्नडात शब्द निराळा, 'कालु'; पण त्याचेही अर्थ तेच दोन : पाय आणि चौथा भाग! दोन भिन्न भाषाकुळांनी एकच हिशेब मांडावा, याचे आम्हाला मोठे नवल वाटते.

'देव पावला' यातील पाव तिसराच. त्याचे मूळ संस्कृत 'प्राप्', म्हणजे पोहोचणे, मिळणे. दुकानदाराची पावती याच घरची.

आता एक गंमत. जुन्या कन्नडात 'पावु' म्हणजे साप! पुढे त्या भाषेतील आरंभीच्या 'प'चा 'ह' झाला आणि 'हावु' रूढ झाले. याची साक्ष सोलापुरात दुधाच्या दुकानापाशी मिळते : तेलुगू गिऱ्हाईक 'पालु' मागते, कन्नड गिऱ्हाईक 'हालु'. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला धोंडा देईल, मासा मागितला तर साप देईल, असे प्रभू येशूने विचारले आहे. जुन्या कन्नडिगाच्या दारी पाव मागणाऱ्याने जपूनच राहावे!

खायचा पाव मात्र समुद्रमार्गे आला. सेमिनरीत लॅटिन शिकताना 'पानिस' हा शब्द आम्ही घोकला होता. पोर्तुगिजांनी दोन स्वरांमधला 'न' गाळला, त्याचा नुसता अनुनासिक ठेवला, आणि 'पानेम'चे 'पांव' केले. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, 1534 मध्ये वसई त्यांच्या हाती आली. त्यांच्याबरोबर आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव आला आणि गोव्यात तो भाजणारा पोदेरही. हाच शब्द पोर्तुगीज जहाजांतून जपानला गेला. जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो.

या पावाने आपल्या समाजाला पुष्कळ सोसायला लावले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाल्ला की जात गेली, असा तो काळ. 'माका पाव' म्हणजे 'मला पाव' हे कोकणी शब्द गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना हिणवण्यासाठी वापरले गेले. पण त्याच पावाचा दुसराही उपयोग झाला. 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारी ती मंडळी गुप्तपणे जमत. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. तो घशाखाली उतरला की माणूस आपला. पुढे 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटतील या धास्तीने पुष्कळांचे धैर्य खचले आणि सभा मोडली. एका घासाची केवढी ती दहशत! सभेचे एक प्रमुख संस्थापक होते दादोबा पांडुरंग, 1836 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे. शब्दांची कुळे शोधणाऱ्या या गृहस्थांना माणसांची कुळे मोडावीशी वाटली, हे आम्हाला फार भावते.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी प्रभूच्या प्रार्थनेत पाव न घेता भाकर घेतली, ती योग्यच. ज्वारीच्या या मुलखात रोजचे अन्न म्हणजे भाकरच.

पुढच्या रविवारी त्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले. त्याची आजी कानडी. तिला म्हणे त्यातली सापाची गोष्ट तेवढी पटली.