मॉर्मन पंथ आणि मृतांची नावे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. दहा हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या माळवदांखाली गाडली गेली. पुढे काही वर्षांनी जुन्या गावठाणाच्या ओसाड जागेत एका वृद्धाने आम्हांस विचारले, "फादर, ज्यांनी तुमच्या येशूचं नावबी ऐकलं न्हाई, त्या आमच्या लेकरांचं तुमच्या धर्मात काय होतंय?"

हाच प्रश्न एका पंथाने आपल्या उपासनेच्या केंद्रस्थानी आणला आहे. तो म्हणजे मॉर्मन पंथ. त्याची ओळख आपल्या वाचकांना बहुधा दोन पत्नी, चार पत्नी अशा ऐकीव गोष्टींपुरतीच असते. बहुपत्नीत्वाची रूढी त्या मंडळाने १८९० साली अधिकृतपणे सोडली, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी कुटुंबातला तरुण. प्रेषितांच्या पश्चात खरी ख्रिस्तसभा पृथ्वीवरून लोपली व आपल्याकरवी देव तिची पुनःस्थापना करीत आहे, असा त्याचा दावा होता. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून भाषांतर केल्याचे सांगून त्याने १८३० साली 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी मंडळ स्थापले. पुनरुत्थित येशूने अमेरिका खंडातही दर्शन दिले, असे हा ग्रंथ सांगतो. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला ठार केले. १८४७ मध्ये ब्रिगम यंग अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच देव नसून तीन पृथक व्यक्ती आहेत आणि पित्याला मांसास्थींचा देह आहे, असे हा पंथ मानतो. मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीही असतो आणि मंदिरात जोडलेला विवाह मृत्यूनंतरही टिकतो, अशीही त्यांची श्रद्धा आहे. चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य. उत्पन्नाचा दशांश मंडळाला. त्रैक्याविषयीच्या या मूलभूत फरकामुळेच त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय रोमने २००१ साली दिला.

हा पंथ आपल्या दारी फार पूर्वीच येऊन गेला आहे. १८५२ साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला व पुढे पुण्यास गेला. छावणीत राहण्यास त्याला मज्जाव झाला. तेव्हा तो एतद्देशीयांच्या वस्तीत राहिला, मराठी शिकू लागला. पुण्यात त्याने एक लहानसे मंडळही उभारले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली आणि वृत्तपत्रांनी व पाद्र्यांनी त्याला धारेवर धरले. शिवाय नवशिष्यांनी दूर युटात जाऊन वसावे, अशी अपेक्षा. ते येथील गरिबाला कसे साधावे? १८५५ मध्ये फिंडले परतला. पुढे १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, बंगळुरूला या मंडळाचे मिशन स्थापन झाले.

आता त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे. बाप्तिस्म्याविना मेलेल्यांसाठी मॉर्मन लोक मंदिरात जिवंत माणसाला त्यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात. मृताचा आत्मा तो स्वीकारण्यास वा नाकारण्यास मोकळा असतो. आधार म्हणून ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पंधराव्या अध्यायाचे एकोणतिसावे वचन दाखवितात. या विधीसाठी नावे हवीत, म्हणून जगभरच्या वंशावळी व चर्चच्या नोंदवह्या त्यांनी मायक्रोफिल्मवर उतरविल्या. नाझींनी मारलेल्या ज्यूंचीही नावे त्यांत आल्याने वाद पेटला व १९९५ साली ती प्रथा थांबविण्याचे त्यांनी मान्य केले. २००८ मध्ये रोमने धर्मप्रांतांना कळविले की, आपल्या नोंदवह्या या कामासाठी देऊ नयेत.

आमच्या कपाटातील बाप्तिस्म्याची वही चाळताना त्या आदेशाचे मर्म कळते. तरीही प्रत्येक मृताला नावानिशी शोधणाऱ्या त्या चिकाटीला हसावे, असे आम्हांस वाटत नाही. मेलेल्याच्या संमतीवाचून त्याचे नाव घेणे मात्र पटत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले की, स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात व सद्सद्विवेकबुद्धीने वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. एवढेच आम्ही त्या वृद्धाला साध्या शब्दांत सांगितले. मग लेकरांची नावे विचारली. त्याने चार सांगितली, एकाशी थोडा अडखळला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सात आम्ही ती चारही नावे घेतली.