इतिहासावर स्वामित्व कोणाचें?

पुणें जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं वढू बुद्रुक या नांवाचें गांव आहे. तेथें छत्रपति संभाजीमहाराजांची समाधि आहे. १६८९ सालीं ज्या तिथीस औरंगजेबानें त्यांचा वध करविला, त्या फाल्गुन वद्य अमावास्येस तेथें मोठा समुदाय जमतो. आम्ही तेथें गेलों असतां बरोबरच्या एका स्नेह्यांनीं परतीच्या वाटेवर एक प्रश्न काढला. 'छावा' हा २०२५ सालचा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरून घेतलेला आहे, हें त्यांस ठाऊक होतें. ते म्हणाले, "महाराजांचें चरित्र साऱ्या महाराष्ट्राचें. मग त्यासाठीं एका कादंबरीचा हक्क विकत घ्यावा लागतो, हा न्याय कोणता?"

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं.

संभाजीमहाराज स्वतःही ग्रंथकार होते. त्यांचा 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या काळीं पोथी उतरून घेणें हें सत्कृत्यच मानीत. लेखकूस त्याची मजुरी मिळे, पंडितास राजाश्रय मिळे. परंतु 'माझ्या अनुज्ञेवांचून कोणीं नक्कल करूं नये' असें म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे. एक प्रत उतरण्यास जेथें महिने लागत, तेथें नकलेनें कोणाचें काय बुडणार? छापखाना आला आणि हें चित्र पालटलें. कंपनी सरकारनें १८४७ सालीं विसावा कायदा करून ग्रंथकारास हयातभर व मृत्यूनंतर सात वर्षें, किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षें, यांपैकीं जी मुदत अधिक असेल तितका काळ हक्क दिला.

या कायद्यांत भाषांतराचा उल्लेख नव्हता. मॅकमिलन कंपनीच्या इंग्रजी पुस्तकांचें उर्दू भाषांतर झालें तेव्हां मुंबईच्या हायकोर्टानें १८९५ सालीं ठरविलें कीं, भाषांतर ही नक्कल नव्हे. तो काळ मराठींतही भाषांतरांचा व रूपांतरांचा होता. निकाल उलट लागता तर आमच्या आजोबांच्या कपाटांतील किती पुस्तकें कोर्टाच्या दारांत उभीं राहिलीं असतीं, याचा अंदाज वाचकांनींच करावा! पुढें १९१४ च्या कायद्यानें हा हक्क ग्रंथकारास दिला. पण दहा वर्षांत त्यानें एखाद्या भाषेंत भाषांतर प्रसिद्ध करविलें नाहीं, तर त्या भाषेपुरता तो हक्क संपे. देशी भाषांवर हा मोठाच उपकार झाला, असें आम्हांस वाटतें.

आमच्या प्रश्नास अधिक जवळचा खटला १९२३ सालचा आहे. सर टॉमस नॉर्थ यानें सोळाव्या शतकांत केलेल्या प्लूटार्कच्या भाषांतरांतून सिकंदराच्या चरित्राचे उतारे निवडून मॅकमिलननें टीपांसह शाळेचें पुस्तक काढलें होतें. मुंबईच्या कूपर यांनीं तसेंच दुसरें पुस्तक काढलें. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथें ठरलें कीं, जुना मजकूर केवळ कांटछांट केल्यानें कोणाचा होत नाहीं. टीपा मात्र लिहिणाराच्या श्रमाच्या व विद्वत्तेच्या, त्या उचलतां येणार नाहींत. हाच न्याय 'बुधभूषणा'स लावून पाहावा. ह. दा. वेलणकर यांनीं भांडारकर संस्थेतर्फें १९२६ सालीं तो संपादून छापला. श्लोक सर्वांचे, संपादकाची प्रस्तावना मात्र संपादकाची.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालीं झाला. त्याचा अर्थ सांगतांना सुप्रीम कोर्टानें १९७८ सालीं, 'न्यू दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध एका नाटककारानें आणलेल्या दाव्यांत, स्पष्ट म्हटलें कीं, कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक हकीकत यांवर कोणाचेंही स्वामित्व नाहीं. स्वामित्व असतें तें मांडणीवर. नाटककार हरला. दुसऱ्याच वर्षीं 'छावा' प्रसिद्ध झाली!

तेव्हां आमच्या स्नेह्यांस उत्तर असें: परवानगी महाराजांच्या चरित्राची नव्हे, सावंतांनीं रचलेल्या प्रसंगांची व संवादांची. मूळ कागदपत्रांवरून कोणीं नवा चित्रपट काढूं म्हटलें तर त्यास कादंबरीकाराच्या वारसांकडे जाण्याचें कारण नाहीं. गडकऱ्यांचें 'राजसंन्यास' होतें म्हणून कानेटकरांचें 'इथे ओशाळला मृत्यू' अडलें नाहीं.

परंतु या न्यायाची एक बाजू आम्हांस बोंचते. वढूची समाधि संभाजीमहाराजांची हें प्रस्थापित करण्यांत वा. सी. बेंद्रे यांचा मोठा वांटा आहे. अनेक वर्षें दप्तरें धुंडाळून त्यांनीं १९६० सालीं महाराजांचें साधार चरित्र प्रसिद्ध केलें व पूर्वींच्या नाटकांनीं रंगविलेलें विकृत चित्र पुसण्यास आरंभ केला. त्यांनीं शोधलेली तारीख, स्थळ वा घटना कोणींही उचलावी, कायदा कांहीं बोलत नाहीं. कवडीही न देतां आणि नांवही न घेतां ती वापरतां येते. कादंबरीकाराच्या एका वाक्यास जें संरक्षण आहे, तें संशोधकाच्या दहा वर्षांच्या शोधास नाहीं. याउलट नियम केला तर पुढच्या संशोधकास एक पाऊलही टाकतां येणार नाहीं, हें आम्हांस समजतें. तरी बोंच जात नाहीं.

रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत आली, त्या निमित्तानें सरकारनें पन्नासाचीं साठ वर्षें केलीं. त्या हिशेबानें २००२ सालीं वारलेल्या सावंतांच्या कादंबरीवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत, आणि १९८६ सालीं वारलेल्या बेंद्र्यांच्या ग्रंथांतील वाक्यांवरील हक्क २०४६ अखेरपर्यंत चालेल. त्यांनीं शोधलेल्या तारखा मात्र छापल्या त्याच दिवशीं सर्वांच्या झाल्या.