लेखकाचा पोशिंदा

एम.ए.च्या वर्गात अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना लेखकाच्या उदरनिर्वाहाचा विषय आपण पहिल्या दोन वाक्यांत उरकतो. जन्म, शिक्षण, व्यवसाय. आणि मग ‘वाङ्मयीन कर्तृत्व’ सुरू होते. लेखकाला जेवू कोण घालत होते, हा प्रश्न चरित्रकाराचा, असे आपण गृहीत धरलेले असते. मला तो वाङ्मयेतिहासाचाच प्रश्न वाटतो. केवळ पुस्तकांच्या विक्रीवर संसार चालवणारे लेखक मराठीत फार थोडे झाले. बाकीच्यांना सरकारने, शाळेने, नियतकालिकाने, चित्रपटाने पोसले किंवा त्यांनी दुसरा धंदा केला. आणि ज्या हाताने अन्न मिळाले त्या हाताची खूण लेखनावर उमटली.

पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. ती हळूहळू आखडत नेली व त्यातील काही पैसा शिक्षणाकडे वळवला. या रकमेचा विनियोग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी व्हावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास पुण्यातील नवशिक्षितांनी केला. त्यात लोकहितवादींचा पुढाकार होता. दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली ती या हालचालींतून. मराठी गद्याला मिळालेला हा पहिला महत्त्वाचा आश्रय.

या आश्रयाची मर्यादा फार लवकर दिसली. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले. भोळ्या शेतकरी जोडप्याला नाडणारा जोशी त्यात होता, आणि शिक्षण हाच तरणोपाय असे त्याचे सांगणे होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. नाटक छापले गेले ते १९७९ साली, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. तरीही फुल्यांचे लेखन थांबले नाही, याला एक साधे व्यावहारिक कारण आहे. ते कंत्राटदार होते. इमारती व बंधाऱ्यांच्या कामांतून त्यांचा चरितार्थ चालत होता; बक्षीस नाकारल्याने त्यांची चूल विझणार नव्हती. शिवाय इंजिनियर खात्यातील कारभाराचा जवळून आलेला अनुभव त्यांच्या लेखनात उतरला, हाही त्या धंद्याचाच लाभ.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची गोष्ट नेमकी उलट. वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर, मुलगाही सरकारी शाळेत शिक्षक. जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली ती ही नोकरी चालू असतानाच. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि १८७९ साली त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर काय केले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चित्रशाळा, किताबखाना, आर्यभूषण छापखाना हे उद्योगही याच सुमाराचे. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’. आपण या संस्थांकडे राष्ट्रीय जागृतीची साधने म्हणून पाहतो व ते बरोबरच आहे. पण सरकारी पगार सोडलेल्या लेखकाने स्वतःच्या पायाखाली रचलेली जमीन, असेही त्यांच्याकडे पाहता येते. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध याच काळातला. पुढे सरकारने तो जप्त केला. शिक्षणखात्याचा पगार घेत असताना तो त्याच शब्दांत लिहिता आला असता, असे मला वाटत नाही. हे स्वातंत्र्य त्यांना फार काळ लाभले नाही. १७ मार्च १८८२ रोजी, बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते गेले.

हरिभाऊ आपट्यांना पदवी मिळाली नव्हती, त्यामुळे सरकारी नोकरीचा राजमार्ग तसा बंदच होता. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम स्थापला, आणि त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया घालणाऱ्या लेखकाला संस्कृत पोथ्यांच्या संस्थेने आधार द्यावा, यात एक गंमत आहे. दुसरीकडे १८९० साली सुरू झालेले ‘करमणूक’ साप्ताहिक. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात हप्त्याहप्त्याने आली. यमूच्या कथनातला तो संथ, घरगुती विस्तार, बारीकसारीक प्रसंगांत रेंगाळणे, याचे श्रेय आपण वास्तववादाला देतो. त्यातील काही वाटा साप्ताहिकाच्या हप्त्याचाही आहे. अंक दर आठवड्याला काढायचाच असे. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, त्याचा विचारही या जोखडासकट व्हायला हवा.

पुढच्या शतकात पोशिंदे बदलले. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत होते. १९३६ मध्ये ‘छाया’ या बोलपटाची कथा त्यांनी लिहिली, आणि दोनच वर्षांत शिरोडे सोडून ते कोल्हापूरला आले. शाळामास्तराला सिनेमाने हात दिला.

अण्णा भाऊ साठ्यांना यांपैकी कोणताच आधार पुरा पडला नाही. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, मुंबईत गिरणीपासून मिळेल ती कामे, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथांवर चित्रपटही निघाले. तरी अखेरची वर्षे हलाखीतच गेली आणि १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते वारले. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतील घाई आणि नाट्यमयतेचा अतिरेक यांवर समीक्षेने बोट ठेवले आहे. परंतु सावकाश लिहिणे हीदेखील एक ऐपत असते, हे त्या समीक्षेने फारसे मनावर घेतले नाही. ही समीक्षा लिहिणारे बहुतेक जण महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे होते.

इथे विषय आपल्यापर्यंत येतो. आज मराठीत लिहिणाऱ्यांत प्राध्यापकांची संख्या मोठी आहे, आणि मीही त्यांतलाच. आपल्याला मानधनाची वाट पाहावी लागत नाही, संपादकाच्या मर्जीवर घरभाडे अवलंबून नाही. फुल्यांना कंत्राटाने जे दिले ते आपल्याला वेतनश्रेणीने दिले आहे. मग आपल्या लेखनात त्या निर्भयतेचा अंश का दिसत नाही? पदोन्नतीच्या तक्त्यात बसतील एवढेच शोधनिबंध, समितीला खटकणार नाही एवढेच मत. दक्षिणेची कमिटी कधीच इतिहासजमा झाली. तिच्याकडे डोळे लावून लिहिण्याची सवय मात्र आपण जपून ठेवली आहे.